पाटावर लागलेली डुलकी

माझी नात माझ्या पायांवरून पडली तेव्हा ती अठ्ठावीस दिवसांची होती. घरात कोणी ‘पडली’ म्हणत नाही. ‘निसटली’ म्हणतात, नाहीतर नुसतंच ‘तेव्हा ते झालं’ म्हणतात. मी मात्र ‘मी पाडली’ असंच लिहिणार आहे, कारण स्वतःला सांभाळून घ्यायला मी लिहायला बसलेली नाही. ज्यांच्या घरात एखादी बाई दिवसाढवळ्या डुलक्या काढते आणि सगळे तिला हसतात, त्यांनी हे वाचावं एवढंच वाटतं. आणि आधीच सांगते, शेवटी सगळं छान झालं असं वाचायला मिळेल या आशेवर वाचू नका.

मी नाशिकरोडला राहते. घरातच ब्लाउज शिवते, तीस वर्षं झाली. माझे मिस्टर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला आहेत, शिफ्टची नोकरी. मुलगा पुण्याला असतो. मुलगी प्राजक्ता सायखेड्याला दिली आहे आणि पहिल्या बाळंतपणाला ती रीतीप्रमाणे माझ्याकडे आली होती. सई इथेच झाली.

हसण्यावारी

झोपेची ही खोड मला सात-आठ वर्षांपासूनची. कीर्तनात झोपायचे, लग्नात अक्षता हातात धरून झोपायचे. भाजी निवडताना झोपले आणि उठून पाहते तर मेथीच्या काड्या पातेल्यात, पाला कचऱ्यात. एकदा मशीनवर काठ शिवताना डुलकी लागली आणि सुई बोटाच्या नखातून आरपार गेली. त्यावरही आम्ही हसलोच. ‘मंदाताई बसल्या की संपल्या’ असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचे.

सकाळी डोकं ठणकायचं. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचे. शुगर तपासली, ती नव्हती. मग वय झालं म्हणाले, पाळी जायचे दिवस म्हणाले, वजन कमी करा म्हणाले. घोरण्याबद्दल मात्र मी कोणाही डॉक्टरला कधी सांगितलं नाही. पुरुष घोरला तर तो दमलेला असतो, बाई घोरली तर बेढब दिसते. नातेवाइकांच्या लग्नात हॉलवर ओळीने गाद्या घालतात ना, तिथे मी कधी मुक्कामाला थांबायचे नाही. शिवणाचं निमित्त सांगून शेवटची बस पकडायचे.

पाट

बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं हे आमच्याकडे आजीचं काम. प्राजक्ता म्हणाली होती, मालिशवाली बाई लावू. मीच नको म्हटलं. माझी दोन, जावेची तीन, शेजारणींची कितीतरी लेकरं या पायांवर न्हाली होती. पाट मांडायचा, साडी गुडघ्यापर्यंत घ्यायची, पाय लांब करायचे आणि दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ ठेवायचं. आधी तेल, मग साय आणि डाळीचं पीठ, मग कोमट पाणी. माझा त्यात हात धरणारं कोणी नाही, असा माझा तोरा होता.

त्या दिवशी सकाळचे दहा वाजले असतील. बाहेर लख्ख ऊन होतं. न्हाणीघरात वाफेची ऊब होती आणि पाणी अंगावर पडताच सई रडायची थांबली होती. तांब्या बादलीत बुडवला इतकं मला आठवतं. त्यानंतरची आठवण आहे ती प्राजक्ताच्या किंकाळीची. माझे पाय फाकले होते, सई मधल्या फटीतून खाली गेली होती आणि गरम पाण्याची बादली तिच्यापासून हातभर लांब होती. माझ्या हातात तांब्या तसाच होता.

नडगीपासून फरशी किती लांब? वीतभरही नाही. पण एवढ्याशा डोक्याला तेवढंही पुष्कळ झालं. कपाळाच्या वर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

बाकडं

दवाखान्यात नेलं. मुलांच्या डॉक्टरांनी टाळूवरून सोनोग्राफी करायला सांगितली. प्राजक्ता सईला घेऊन आत गेली आणि मी बाहेर बाकड्यावर बसले. देवाचं नाव घेत होते.

आणि मी झोपले. आत माझ्या नातीचं डोकं तपासत होते आणि बाहेर मी घोरत होते. प्राजक्ताने खांद्याला हलवून उठवलं, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघवेना.

“आई, तुला झोप येतेच कशी?” ती म्हणाली.

 मलाच वाटलं की मी आतून मेलेली बाई आहे, माझ्यात मायाच उरलेली नाही. डॉक्टर तिच्या मागेच उभे होते. म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी माझं घोरणं ऐकलं असणार. सई ठीक आहे, एक दिवस नजरेखाली ठेवू, असं त्यांनी आधी सांगितलं. मग माझ्यासमोर बसून विचारलं, रोज असंच होतं का, सकाळी डोकं दुखतं का, झोपेत दचकून उठता का. शेवटी म्हणाले, “आजी, बाळाची काळजी मिटली. आता तुम्हाला तपासायला हवं.”

मला ते ऐकून बरं वाटलं नाही. आजाराचं निमित्त मिळालं म्हणून सुटले, असं लेकीला वाटेल याचीच धास्ती घेतली.

तिसऱ्या दिवशी जावई गाडी घेऊन आले. सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण माहेरातून हलवत नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं. कोणी भांडलं नाही. जावई माझ्या पाया पडले, प्राजक्ताने डिंकाच्या लाडवांचा डबा मागून घेतला आणि गाडी गेली. शेजारणींना मी सांगितलं, तिकडे पूजा आहे. कोणाचाच विश्वास बसला नाही.

कानातले बोळे

छातीच्या डॉक्टरीण बाईंनी पहिला प्रश्न मला नव्हे, ह्यांना विचारला. झोपेत हिचा श्वास थांबतो का?

 हे म्हणाले, मला काही ऐकू येत नाही, मी बोळे घालतो.

ते बोळे प्लांटमधले. यंत्रांच्या आवाजात कान जाऊ नयेत म्हणून देतात, पिवळे, मऊ. महिन्यातून निम्म्या रात्री हे ड्यूटीवर आणि उरलेल्या निम्म्या रात्री कानात बोळे घालून माझ्याशेजारी. अकरा वर्षं. इतर बायकांचे नवरे घोरण्यावरून चारचौघांत टोमणे मारतात, माझा नवरा कधी चकार शब्द बोलला नाही, याचं मला कौतुक होतं. त्यांनाही आपण समजूतदारपणा केला असंच वाटत होतं. आणि त्या समजूतदारपणात माझा श्वास अडकायचा तो कोणाच्या कानावरच गेला नाही.

बाईंनी सांगितलं, एक रात्र बोळे न घालता ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा हे अंथरुणावर बसलेलेच होते. चहा दिला तर कप हातात घेऊन नुसते बघत राहिले.

“तू थांबतेस,” ते म्हणाले. “घोरता घोरता एकदम गप्प होतेस. मी आकडे मोजायला लागलो. मग मोजवेना, म्हणून तुझ्या नाकाशी हात धरून बसलो.”

तेव्हापासून ते माझ्याशी जरा जास्तच हळू आवाजात बोलतात. मी त्यांना दोष देत नाही असं सांगते, पण ते पूर्ण खरं नाही. कधीकधी फार राग येतो. बोळ्यांच्या त्या डबीवर, त्यांच्यावर, आणि मग माझ्यावरच.

तुमच्या घरात कोणी घोरत असेल तर कृपा करून कान बंद करू नका. आवाज मध्येच बंद पडतो का, एवढं ऐका.

तारा

झोपेच्या तपासणीसाठी एक रात्र दवाखान्यात काढावी लागते. डोक्याला डिंकासारखं काहीतरी लावून तारा चिकटवतात, छातीवर आणि पोटावर पट्टे बांधतात, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. तारा लावणारी मुलगी सटाण्याकडची होती. माझ्या केसांत डिंक जाऊ नये म्हणून तिने आधी छान भांग पाडून दिले. इतक्या तारांत झोप कशी लागणार, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “मावशी, समदेच असं म्हनतस आनि समदेच झोपतस.” तिच्या बोलण्याचा आधार वाटला. त्या सगळ्या दिवसांत माझ्या केसांना मायेने हात लावला तो तिने.

रिपोर्टात आलं की तासाला चाळीसहून जास्त वेळा माझा श्वास अडतो. बाईंनी सोप्या भाषेत सांगितलं. झोपेत घसा सैल पडतो, हवेची वाट बंद होते, मेंदू घाबरून जागं करतो, पुन्हा झोप, पुन्हा तेच. तुम्ही रात्रभर झोपत नाही, झगडता. म्हणून दिवसा जिथे टेकाल तिथे कोसळता. वर्षानुवर्षं असं चाललं तर हृदयावर ताण येतो, रक्तदाब वाढतो.

मला वाटलं होतं, कारण कळलं की मन हलकं होईल. झालं उलटंच. म्हणजे प्राजक्ताची बारावी, तिची आजारपणं, तिच्या लग्नाची धावपळ, हे सगळं मी अर्धवट झोपेत जगले का? घरी येऊन फार रडले, आणि रडता रडताही झोपले.

मुखवटा

उपाय म्हणून एक मशीन देतात. लहानशी पेटी, तिला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मुखवटा. पेटी रात्रभर हवा आत ढकलते, म्हणजे घसा उघडा राहतो. ऐकायला किती साधं. पहिल्या दिवशी तो नाकावर बांधला तेव्हा विहिरीत कोणी तोंड दाबून धरल्यासारखं झालं. मी ओरबाडून काढला.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. तोंड कोरडं पडतं, डोळ्यांत वारा जातो, गालावर वळ उठतात. ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका विचारतात, तोंडाला काय झालं? झोपताना लावलेला मुखवटा सकाळी पलंगाखाली सापडायचा, मी कधी काढला ते मलाच माहीत नसायचं. त्यात लाइट गेली की पेटी बंद. वीज बनवणाऱ्या माणसाच्या घरात विजेअभावी बायको गुदमरते, यावर हसावं की रडावं कळेना. मग इन्व्हर्टर बसवला.

मशीन किती वेळ वापरलं याची नोंद त्यातच होते. महिन्याने बाईंनी ती पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या की सरासरी दीड तास. घरचा अभ्यास न केलेल्या पोरीसारखी मी मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत. मुखवटा बदलून दिला, दिवसा टीव्ही बघताना लावून सवय करा म्हणाल्या, हवेचा जोर सुरुवातीला हळूहळू वाढेल असं करून दिलं. त्याने जरा फरक पडला. दिडाचे तीन तास झाले, कधी चार.

बाकीच्या वाटा

दुसरं काही नाही का, हे मी इतक्यांदा विचारलं की बाईंनी एकदा निवांत बसवून सगळं सांगितलं. मीही त्या प्रत्येक वाटेवर जाऊन आले.

दातांत बसवायचं एक साधन असतं, ते खालचा जबडा पुढे धरून ठेवतं आणि हवेला जागा होते. माझ्याइतक्या जोराच्या आजाराला ते पुरेलच असं नाही, पण मशीन सोसत नसेल तर करून बघता येतं. मी आशेने दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने तोंडात बघितलं आणि विचारलं, मिश्री किती वर्षं लावता? सासूबाईंनी लग्नानंतर लावलेली सवय, तीस वर्षं. हिरड्या सुटल्या आहेत म्हणाला, दात हलतात, या दातांना जबडा ओढायला लावला तर दातच हातात येतील. घरी येऊन मिश्रीची डबी फेकून दिली. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

ऑपरेशनचं विचारलं. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. टॉन्सिल वाढलेले असते तर सोपं होतं म्हणाले. तुमची वाट एका जागी नाही, दोन-तीन जागी बंद होते. ऑपरेशन करूनही मशीन सुटेल याची खात्री नाही. मी त्यांना खोटी तरी आशा द्या म्हणणार होते.

वजन उतरवायला सांगितलं. भात सोडला, सकाळी चालायला लागले, सहा किलो गेले. मग गुडघे धरले, चालणं थांबलं, चार किलो परत आले. कुशीवर झोपल्याने फायदा होतो म्हणून ब्लाउजच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला. शिवणाऱ्या बाईचा खिसा, अगदी नीट पायपिंग लावलेला. त्याने पाठीला काळंनिळं झालं आणि तरीही मी उताणीच सापडायचे.

बायकांचे सल्ले वेगळेच. कोणी नाकात तूप सोडायला सांगितलं, कोणी शंख फुंकायला. समोरच्या काकूंनी त्यांच्या झोपेच्या गोळ्या आणून दिल्या, गाढ झोप लागेल म्हणून. बाईंना दाखवल्या म्हणून बरं. त्यांनी माझ्या हातातून पाकीटच काढून घेतलं. या आजारात अशा गोळीने घसा आणखी सैल पडतो म्हणाल्या.

एका दुपारी मी ह्यांना म्हटलं की राहू द्या ते मशीन. एखाद्या रात्री थांबला श्वास तर थांबला, कोणाचं काय अडणार आहे. मनापासून म्हटलं होतं.  त्या रात्री मुखवट्याचा पट्टा त्यांनी स्वतः बांधला आणि त्यानंतर घरी असतील त्या प्रत्येक रात्री तेच बांधतात. बोळ्यांची डबी प्लांटमध्ये परत नेऊन ठेवली आहे.

सायखेडा

या सगळ्यात सहा महिने गेले. प्राजक्ता फोनवर बोलायची, व्हिडिओ दाखवायची, पण इकडे आली नाही. मी गेले तर सई कायम दुसऱ्या कोणाच्या तरी कडेवर असायची. कोणी नको म्हटलं नाही. मीही कधी हात पुढे केले नाहीत. तिला पुन्हा एकदा मांडीवर घ्यायचं, तिच्या आईने आपल्या हाताने द्यावी आणि मी घ्यावी, एवढ्यासाठी मी तो मुखवटा सोसत होते. हृदयबिदय सगळं नंतरचं.

सातव्या महिन्यात उष्टावण ठरलं. पहिला घास मामाने भरवायचा म्हणून मुलगा पुण्याहून परस्पर आला. आम्ही दोघं आदल्या दिवशी मुक्कामाला गेलो. मशीन पिशवीत होतंच. त्याआधी सलग आठ रात्री मी पाच-पाच तास लावलं होतं. डोकं दुखायचं थांबलं होतं, दुपारी दोन ब्लाउज न झोपता शिवले होते. गेल्या कित्येक वर्षांत इतकी जागी मी नव्हते.

पण घर पाहुण्यांनी भरलं होतं. बायकांची अंथरुणं आतल्या खोलीत ओळीने, विहीणबाईंच्या जावा, नणंदा, त्यांच्या सुना. हे बाहेर पुरुषांत झोपले. मी पिशवीची चेन उघडली, नळी हाताला लागली. शेजारच्या अंथरुणावरच्या दोघी बघत होत्या. सोंडेसारखी नळी लावून मी त्यांच्यात झोपणार, उद्या त्या गावभर सांगणार, पोरीच्या आईला काय झालंय म्हणून. मी चेन लावून टाकली. घोरायलाही नको म्हणून भिंतीला टेकून बसून राहिले. आणि आठ रात्रींचं कमावलेलं एका रात्रीत घालवलं.

सकाळी न्हाणीघरापाशी पाट मांडलेला होता. सई आता पायांवर मावत नव्हती, पण सणाची अंघोळ म्हणून तेल लावायचं होतं. प्राजक्ता तिला घेऊन सरळ माझ्याकडे आली. तिने काहीही विचारलं नाही. पोर माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “आई, आज तू घाल अंघोळ.”

मी हात मागे घेतले.

तिचा चेहरा पडला. मी अजून मनात राग धरून आहे असं तिला वाटलं असणार. सई माझ्या बांगड्यांना धरू पाहत होती. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. दहा मिनिटांचं तर काम.

“रात्री मी मशीन लावलं नाही,” मी म्हणाले. “इतक्या जणींत लाज वाटली. नको देऊ माझ्याकडे.”

 प्राजक्ताचे डोळे भरले. विहीणबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी ऐकलं. पदराला हात पुसत त्या आल्या आणि प्राजक्ताकडून सईला घेतलं. “आवो, त्यात लाजायचं काय हाय?” त्या मला म्हणाल्या. “मला सांगायचं. माझी खोली दिली असती.” मग पाटावर बसून त्यांनी पाय लांब केले.

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आतून सईचं खिदळणं ऐकू येत होतं, पाण्याचा आवाज येत होता. इथे बसून ऐकायचं, निदान ऐकायचं तरी, असं मी ठरवलं होतं.

जाग आली तेव्हा ऊन पायांवर आलं होतं. अंगणात पत्रावळी उचलणं चाललं होतं. अंघोळ झाली होती, नवं झबलं घालून झालं होतं, मामाने घास भरवला होता, सगळ्यांची जेवणं झाली होती. माझ्या डोक्याखाली कोणीतरी उशी सरकवून ठेवलेली होती. हे शेजारी बसले होते. मी त्यांना विचारलं, मला उठवलं का नाही? ते म्हणाले, प्राजक्ताने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आईला कोणी उठवू नका, तिची झोप होत नाही.